वर्ध्याच्या उन्हाळ्यात कॉम्प्युटरचं कॅबिनेट : आधी वारा, मग दिवे

एप्रिल लागला की वर्ध्यात कूलरच्या ताट्या बदलायची घाई सुरू होते. त्याच दिवसांत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानांतही कॅबिनेटांची रांग लागते. ‘गेम खेळताना अचानक बंद पडतो’, ‘व्हिडिओ एक्सपोर्ट करताना मधेच अडकतो’, ‘पंखा विमानासारखा ओरडतो’ अशा तक्रारी असतात. विंडोज नव्यानं टाकून, रॅम पुसून लावून काही दिवस निभावतात. मूळ दुखणं बहुतेक वेळा साधं असतं : कॅबिनेटमधली गरम हवा बाहेर पडत नाही आणि बाहेरची हवा आत शिरत नाही.

मे महिन्यात आपल्या जिल्ह्याचा पारा ४५ अंशांपुढे जातो. बाजारातली बरीचशी कॅबिनेटं मात्र इतक्या तापमानाचा विचार करून घडवलेलीच नसतात. २००० च्या दशकात इंटेलनं कॅबिनेट बनवणाऱ्यांसाठी एक मार्गदर्शक आराखडा दिला होता. खोलीतली हवा ३५ अंश असताना प्रोसेसरच्या पंख्यापाशी पोचणारी हवा ३८ अंशांच्या आत राहावी, असा त्याचा हिशेब होता. पेंटियम ४ च्या काळातल्या कॅबिनेटांच्या बाजूच्या झाकणावर आतून प्लॅस्टिकचं नरसाळं बसवलेलं असायचं, ते याच हिशेबातून आलेलं. आता हिंगणघाट किंवा देवळीतली पत्र्याच्या छताची, कूलर नसलेली खोली मे महिन्याच्या दुपारी डोळ्यांसमोर आणा. तिथे खोलीतली हवाच ३८ च्या वर असते.

म्हणून इथे कॅबिनेटमध्ये बदल करणं हा नुसता हौसेचा भाग राहत नाही. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे, डीटीपीवाले, सेतू केंद्र चालवणारे, जिनिंगच्या ऑफिसात काट्याजवळ कॉम्प्युटर ठेवणारे आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी, या सगळ्यांच्या ते कामाचं आहे. थोडं डोकं लावलं तर ज्या बदलानं कॅबिनेट थंड होतं त्याच बदलानं ते देखणंही होतं. मात्र क्रम पाळायला हवा : आधी मोजणी, मग हवेची वाट, आणि सगळ्यात शेवटी रंग आणि दिवे.

आधी मोजा

पंखे कितीही लावले तरी प्रोसेसर खोलीतल्या हवेपेक्षा थंड होत नाही. पाण्यानं थंड करणारे कूलर लावले तरी हाच नियम, कारण तेही शेवटी उष्णता खोलीतल्या हवेतच सोडतात. त्यामुळे ‘प्रोसेसर किती अंश’ या एकट्या आकड्याला अर्थ नाही. खरा आकडा म्हणजे प्रोसेसरचं तापमान वजा खोलीचं तापमान. याला आपण ‘फरक’ म्हणू.

समजा जानेवारीत खोली २५ अंशांवर आहे आणि भार टाकल्यावर प्रोसेसर ७७ अंशांपर्यंत जातो. फरक झाला ५२. उन्हाळ्यात खोली ४२ अंशांवर गेली की हाच फरक प्रोसेसरला ९४ वर नेतो. इंटेलच्या अलीकडच्या बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश, एएमडीच्या रायझनची साधारण ९० ते ९५. मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करून घेतो आणि तेवढ्यानं भागलं नाही तर मशीन बंद होतं. हिवाळ्यात गुण्यागोविंदानं चालणारा कॉम्प्युटर उन्हाळ्यात रुसतो, तो असा. फरक ५२ वरून ४२ वर आणला तर त्याच दुपारी प्रोसेसर ८४ वर थांबेल आणि मे महिना निभेल.

मोजायला विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प, लिनक्सवर एलएम-सेन्सर्स ही मोफत साधनं आहेत. सिनेबेंच किंवा ब्लेंडरचं रेंडर २० मिनिटं चालू ठेवा. खोलीचं तापमान दाखवणारं साधं डिजिटल थर्मामीटर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला ठेवा, पण कूलरच्या झोतात ठेवू नका. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि खोली असे तीन आकडे वहीत लिहा.

आता कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा आणि तीच चाचणी पुन्हा करा. तापमान ५ अंश किंवा त्याहून जास्त उतरलं, तर दोष हवेच्या वाटेत आहे आणि पत्रा कापून फायदा होईल. एखाद-दोन अंशच उतरलं, तर दोष हीट सिंकमध्ये, त्यात अडकलेल्या धुळीत किंवा वाळलेल्या थर्मल पेस्टमध्ये आहे. तिथे कॅबिनेटला कितीही भोकं पाडली तरी काही हाती लागणार नाही. या एका चाचणीनं बऱ्याच जणांचे पैसे वाचतील.

‘मग झाकण काढूनच ठेवू की’ असं बरेच जण म्हणतात आणि करतातही. पण उघड्या कॅबिनेटमध्ये धूळ थेट मदरबोर्डवर बसते, उबेला पाली आणि झुरळं येतात, उंदीर वायरी कुरतडतात. शिवाय झाकण नसलं की पुढचे पंखे ओढतात ती हवा आतल्या भागांवरून न जाता बाजूनं निसटते. चाचणीपुरतं झाकण काढा, मग बसवून टाका.

पत्रा कापण्याआधीची फुकटातली कामं

आपल्याकडे कॉम्प्युटर टेबलाला कॅबिनेट ठेवायचा एक कप्पा असतो, तिन्ही बाजूंनी आणि कधी कधी मागूनही बंद. मागून बाहेर पडलेली गरम हवा त्याच कप्प्यात फिरते आणि पुढून पुन्हा आत ओढली जाते. कॅबिनेट आधी त्या कप्प्यातून बाहेर काढा. मागे वीतभर जागा सोडा. दुपारभर ऊन खाणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला ते टेकवू नका. जमिनीवर असेल तर पाटावर किंवा छोट्या स्टुलावर घ्या. झाडलोटीची धूळ खालीच जास्त असते.

मग हीट सिंक काढून नीट साफ करा आणि थर्मल पेस्ट बदला. दोन-तीन वर्षं जुनी पेस्ट आपल्या उन्हात सुकून कडक झालेली असते. वाटाण्याएवढा ठिपका पुरतो. आतल्या वायरी मदरबोर्डच्या ट्रेमागे किंवा रिकाम्या सीडी ड्राइव्हच्या जागेत दाबून बांधा. आता न वापरली जाणारी सीडी ड्राइव्ह आणि जुनी हार्ड डिस्क यांचे पिंजरे स्क्रूवर असतील तर काढून टाका. पुढून येणाऱ्या हवेला सगळ्यात मोठी आडकाठी त्यांचीच असते.

कूलरबद्दलही थोडं बोलू. बाहेर ४५ अंश आणि हवा कोरडी असेल तर चांगला कूलर खोली तिशीच्या आसपास आणतो. कॅबिनेटमध्ये कोणताही बदल करून एवढे अंश मिळत नाहीत, त्यामुळे खोलीत कूलर असेल तर कॉम्प्युटरवर जड काम करताना तो चालू ठेवा. दमट हवेनं मशीनवर दव धरेल ही भीती सहसा खरी नसते, कारण चालू मशीन हवेपेक्षा गरमच असतं. मात्र झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका. झोताबरोबर पाण्याचे तुषार येतात, आणि बोअरचं जड पाणी असेल तर ते सुकल्यावर क्षाराचा पांढरा थर सर्किटवर उरतो.

हवेची वाट

कूलर लावताना समोरची खिडकी उघडी ठेवायची असते, हे विदर्भात कुणाला सांगावं लागत नाही. खिडकी बंद असेल तर कूलर नुसता घोंगावतो. कॅबिनेटचंही गणित तेच. हवा पुढून आणि खालून आत यावी, मागून आणि वरून बाहेर जावी आणि मधल्या रस्त्यात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड असावं. गरम हवा हलकी म्हणून वर चढते. पंखे तिच्या दिशेनंच लावले की तिची मदत मिळते.

स्वस्त आणि जुन्या कॅबिनेटांत ही वाट दोन ठिकाणी तुंबते. पहिली जागा पुढची. प्लॅस्टिकचा चकचकीत मुखवटा जवळजवळ पूर्ण बंद असतो आणि त्याच्या मागच्या पत्र्यावर बारीक भोकांची नक्षी असते. पंखा त्या नक्षीमागे बसवला तरी हवा त्याला मिळत नाही. दुसरी जागा मागची. तिथे ८० मिमी पंख्याची जागा असते आणि तिच्यावरही तशीच नक्षी.

नक्षीनं किती हवा अडते ते मोजता येतं. ३ मिमीची भोकं ५ मिमी अंतरावर एकाआड एक असतील तर पत्र्याचा जेमतेम तिसरा हिस्सा मोकळा असतो. ५ मिमीची भोकं ६ मिमी अंतरावर असतील तर सुमारे ६३ टक्के मोकळा असतो. जाळी निवडताना हाच हिशेब करा. डोळ्याला दोन्ही जाळ्या सारख्याच दिसतात, पण पंख्याला दुसरीतून जवळजवळ दुप्पट वाट मिळते.

किती पंखे लागतील?

कॉम्प्युटर जेवढी वीज ओढतो तेवढी सगळी शेवटी उष्णता होते. गेमिंगचं मध्यम मशीन भाराखाली ३०० वॉट ओढतं असं धरू. आत येणारी हवा बाहेर पडेपर्यंत १० अंशांपेक्षा जास्त तापू द्यायची नसेल, तर आपल्या उन्हाळ्यातल्या हवेसाठी सेकंदाला सुमारे २७ लिटर हवा लागते. पंख्यांच्या खोक्यावरच्या भाषेत साधारण ५७ सीएफएम. खोक्यावर एवढा आकडा असलेले १२० मिमीचे पंखे सर्रास मिळतात. पण तो आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी, फिल्टर आणि वायरींच्या गर्दीतून प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपास हवा मिळेल असं धरून चाला. म्हणून घरगुती मशीनला पुढे १२० मिमीचे दोन आणि मागे एक, एवढे पंखे पुरतात. ऑफिसच्या, ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला पुढे एक आणि मागे एक बस्स. सहा-सात पंखे लावून तापमानात विशेष फरक पडत नाही, आवाज मात्र वाढतो.

पुढे दोन आणि मागे एक ही वाटणी मुद्दाम आहे. आत येणारी हवा जास्त असली की कॅबिनेटच्या फटींतून हवा बाहेर ढकलली जाते आणि फटींतून धूळ आत शिरत नाही. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे. कारण पुढे येईलच.

पंखा घेताना त्यातलं बेअरिंग विचारा. स्वस्त स्लीव्ह बेअरिंगमधलं तेल गरमीत लवकर सुकतं आणि पंखा आडवा, म्हणजे छताला लावला तर तो आणखी लवकर खडखडायला लागतो. बॉल बेअरिंग किंवा फ्लुइड बेअरिंगचा पंखा थोडा महाग पडतो पण उन्हाळे काढतो. वर्ध्याच्या दुकानांत नाही मिळाला तर नागपूरच्या सीताबर्डीत किंवा ऑनलाइन मिळेल.

हत्यारं आणि कारागीर

स्वस्त कॅबिनेटचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. तो कापायला फार ताकद लागत नाही, पण तो थरथरतो आणि वाकतो. घरी करायचं तर ड्रिल मशीन, धातूसाठीचा ११४ मिमी म्हणजे साडेचार इंची होल सॉ किंवा बारीक दाताच्या ब्लेडचं जिगसॉ, अर्धगोल कानस, सेंटर पंच, मास्किंग टेप, दोन क्लॅम्प, लाकडी फळी, चष्मा आणि जाड हातमोजे एवढं हवं. लाकडाचा होल सॉ पत्र्यावर चालवू नका. दात मोडतात आणि तुकडे उडतात.

हत्यारं नसतील तर गावातल्या कूलर बनवणाऱ्या कारागिराकडे जा. पत्र्याला गोल कापून पंखा बसवणं हे त्याचं रोजचं काम आहे. कूलरचा सीझन फेब्रुवारी-मार्चपासून तापतो, त्यामुळे त्याच्याकडे हिवाळ्यात गेलात तर काम निगुतीनं आणि कमी पैशांत होईल. त्याला फक्त दोन गोष्टी बजावून सांगा. कॅबिनेट पूर्ण रिकामं करून आणलंय ते तसंच ठेवायचं, आणि गोल कापायला ग्राइंडर लावायचा नाही. ग्राइंडरच्या उष्णतेनं पातळ पत्रा पिळवटतो आणि ठिणग्यांनी आजूबाजूचा रंग जळतो. अगदी नेटकं किंवा नक्षीदार काम हवं असेल तर नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत लेझर कटिंग करणारे आहेत. त्यांना डीएक्सएफ फाइलमध्ये आराखडा द्यावा लागतो.

पंख्याची जागा कापणं

मदरबोर्ड, एसएमपीएस, डिस्क, बटणांच्या वायरी, सगळं बाहेर काढा. लोखंडाचा एक कीस मदरबोर्डवर राहिला तरी शॉर्ट होऊ शकतो. एसएमपीएस नुसता बाहेर काढायचा, उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर चार्ज काही काळ टिकून राहतो.

पुढच्या पत्र्यावर दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप लावा. तिच्यावर खूण स्पष्ट दिसते आणि रंगही खरवडला जात नाही. पंखा हातात धरून आत बसतो का, ग्राफिक्स कार्डाच्या टोकाला लागतो का, मुखवट्याच्या खुंट्यांना अडतो का ते आधी पाहा. मग मध्यबिंदू काढा. १२० मिमी पंख्याच्या स्क्रूंच्या भोकांमधलं अंतर १०५ मिमी असतं, म्हणजे १०५ मिमीचा चौरस आखून त्याच्या चार कोपऱ्यांवर स्क्रूची भोकं आणि मध्ये ११४-११५ मिमीचं वर्तुळ. १४० मिमीच्या पंख्याला हेच अंतर १२४.५ मिमी, ९२ मिमीला ८२.५ आणि ८० मिमीला ७१.५. दोन पंखे एकावर एक येणार असतील तर त्यांचे मध्यबिंदू निदान १२२ मिमी अंतरावर ठेवा, नाहीतर चौकटी एकमेकींवर चढतात.

खुणेवर पंच मारा, म्हणजे ड्रिल घसरणार नाही. स्क्रूची चार भोकं साडेचार मिमीच्या ड्रिलनं पाडा. मग पत्र्यामागे लाकडी फळी क्लॅम्पनं घट्ट बसवा. होल सॉ कमी वेगानं चालवा, एखादा थेंब तेल सोडा, जोर लावू नका. कापून झालं की कड कानसेनं गोल घासा. हाताला ती गुळगुळीत लागली तरी वायर कापण्याइतकी धार तिला असते, म्हणून वर रबरी बीडिंग चढवा. गाड्यांच्या दाराच्या कडेला लावतात ती पट्टी ऑटो ॲक्सेसरीजच्या दुकानात मीटरवर मिळते आणि ती चांगली दिसतेही.

आता सफाई. लोहचुंबक पॉलिथिनच्या पिशवीत घालून सगळ्या कोपऱ्यांतून फिरवा; पिशवी उलटी केली की कीस सहज निघतो. मग ब्लोअर, मग ओलं फडकं. ॲल्युमिनियमचा कीस चुंबकाला चिकटत नाही, तो पुसूनच काढावा लागतो.

मागच्या बाजूला पंख्याच्या जागेवरची नक्षी कापून टाका आणि तिथे तारेची गोल जाळी लावा. ८० मिमीची जागा असेल आणि बाजूला पत्रा मोकळा असेल तर ९२ किंवा १२० मिमीची करून घ्या. मोठा पंखा हळू फिरून तेवढीच हवा काढतो, आवाज कमी करतो.

रुई, काळी माती आणि जाळी

पुण्या-मुंबईच्या लेखांत धुळीवर दोन ओळी असतात. आपल्याकडे तेवढ्यानं भागत नाही. कापूस वेचणीपासून जिनिंग चालू असेपर्यंत, साधारण ऑक्टोबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, देवळी या पट्ट्यात हवेत रुईचे तंतू तरंगत असतात. साधी धूळ हीट सिंकच्या पात्यांवर बसते; रुईचे तंतू मात्र पात्यांमध्ये अडकून एकमेकांत गुंततात आणि त्यांचा नमदा तयार होतो. त्यावर काळ्या मातीची बारीक धूळ बसली की वाट पूर्ण बंद. जिनिंगच्या आवारातलं मशीन असं एका हंगामात गुदमरू शकतं.

म्हणून हवा जिथून आत येते त्या प्रत्येक जागेला जाळी हवी आणि ती हातानं सहज निघायला हवी. मच्छरदाणीची नायलॉनची जाळी स्वस्त आणि पुरेशी असते. लवचीक चुंबकाच्या पट्टीवर ती चिकटवून चौकट करा. लोखंडी पत्र्यावर ती आपसूक बसते आणि ओढली की निघते. जिनिंगजवळ राहत असाल तर जाळीचं क्षेत्र पंख्यापेक्षा बरंच मोठं ठेवा. मोठ्या क्षेत्रावर हवा सावकाश शिरते आणि जाळी लवकर तुंबत नाही. फोमचे जाड फिल्टर टाळा. धूळ ते छान अडवतात, पण तितकीच हवाही अडवतात.

वायरी आणि वेग

मदरबोर्डवरच्या पंख्याच्या सॉकेटमधून साधारणपणे १ अँपिअरपर्यंतच करंट घ्यावा. पंख्यावर त्याचा अँपिअर लिहिलेला असतो, ०.२५ अँपिअरचे तीन पंखे एका सॉकेटवर स्प्लिटरनं चालतील, सहा चालणार नाहीत. जास्त असतील तर एसएमपीएसमधून वीज घेणारा हब वापरा. तीन पिनांच्या पंख्याचा वेग व्होल्टेजनं बदलतो आणि चार पिनांच्याचा पीडब्ल्यूएम संकेतानं. बायोसमध्ये त्याप्रमाणे मोड निवडा; तीन पिनांचा पंखा पीडब्ल्यूएम मोडवर राहिला तर तो कायम पूर्ण वेगानं ओरडत राहतो.

बायोसमध्ये फॅन कर्व्हही ठरवता येतो. कारखान्यातून आलेला कर्व्ह ऋतू पाहत नाही. उन्हाळ्यात बसल्या बसल्याही प्रोसेसर ५० अंशांवर असतो, त्यामुळे पंखे सतत वरखाली होतात. खालची पायरी ५५ अंशांपर्यंत सपाट ठेवा आणि ८० ला पूर्ण वेग द्या, म्हणजे कारण नसताना गुरगुर होणार नाही.

आता रूप

हवेसाठी पुढचा मुखवटा कापावाच लागतो, तर तिथेच सौंदर्याला जागा आहे. काळ्या षटकोनी जाळीचा पत्रा कापून मुखवट्याच्या आत रिव्हेटनं बसवला की साधं कॅबिनेट नव्या जमान्याचं दिसू लागतं. याहून वेगळं हवं असेल तर लाकडाकडे वळा. स्वीडनच्या फ्रॅक्टल डिझाइन कंपनीनं २०२२ मध्ये ‘नॉर्थ’ नावाचं कॅबिनेट काढलं. त्याच्या पुढे उभ्या लाकडी पट्ट्या आहेत आणि पट्ट्यांमधून हवा आत जाते. तसं काम आपल्याकडे सहज होऊ शकतं. तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी घडवणारे सुतार आपल्या गावोगावी आहेत. सागवानाच्या १० मिमी रुंद पट्ट्या ८-१० मिमी अंतरानं उभ्या बसवून द्यायला त्यांना अवघड जाणार नाही. पट्ट्यांच्या मागे नायलॉनची जाळी घाला. असा मुखवटा दुकानात विकत मिळत नाही, आणि सागाला पॉलिश दिल्यावर दिवाणखान्यातल्या फर्निचरशी तो जुळून जातो.

रंग द्यायचा तर पत्रा ३२० ते ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा, थिनरनं पुसा, प्रायमर मारा आणि वीतभर अंतरावरून स्प्रेचे दोन-तीन पातळ हात द्या. मे महिन्याच्या दुपारी स्प्रे करू नका. रंगाचे थेंब पत्र्यावर पोचण्याआधीच सुकतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत चमक जाते. हिवाळ्यातली ऊन पडलेली सकाळ उत्तम. मदरबोर्ड जिथे पितळी खुंट्यांवर बसतो त्या जागा आणि एसएमपीएस टेकतो ती जागा टेपनं झाकून ठेवा. तिथे धातूला धातू लागून अर्थिंग होतं. त्याच वेळी घरातल्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का, हेही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

बाजूच्या झाकणाला खिडकी करायची असेल तर ३ मिमी ॲक्रेलिक वापरा. त्यावरचा कागद शेवटपर्यंत काढू नका. भोक पाडताना खाली फळी घ्या आणि ड्रिल हळू चालवा. ॲक्रेलिक उष्णतेनं बरंच फुगतं : ४० सेंमी लांबीचा तुकडा ३० अंशांच्या फरकानं जवळजवळ १ मिमी वाढतो. हिवाळ्यात घट्ट बसवलेली खिडकी उन्हाळ्यात बाक काढते, म्हणून स्क्रूची भोकं मिलिमीटरभर मोठी ठेवा किंवा दुहेरी टेप वापरा. टफन केलेल्या काचेला मात्र हात लावू नका. तिला ड्रिल लावताच तिचा चुरा होतो.

दिव्यांच्या पट्ट्या दोन तऱ्हांच्या असतात. चार पिनांची आरजीबी १२ व्होल्टची, तीन पिनांची एआरजीबी ५ व्होल्टची. दुसरी पहिलीच्या सॉकेटला जोडली तर ती जळते, काही वेळा मदरबोर्डलाही धक्का बसतो. खोक्यावरचा आणि मदरबोर्डवर छापलेला व्होल्ट जुळतोय ना, हे पाहूनच जोडा. दिव्यांनी तापमान वाढत नाही, कमीही होत नाही.

पाण्यानं थंड करणाऱ्या कूलरचं आकर्षण तरुणांना फार असतं. पुण्याच्या आयसरमधला ‘परम ब्रह्म’ हा सुपरकॉम्प्युटरही द्रवानं थंड केला जातो, पण तिथे उष्णतेचा पसारा प्रचंड आहे. घरच्या मशीनला चांगला हवेचा कूलर स्वस्त पडतो, गळत नाही आणि पंखा बदलला की पुन्हा नवा होतो. इतर भाग तापतात ते दोन्हींत सारखेच; त्यासाठी कॅबिनेटमधली हवेची वाट मोकळीच लागते.

पुन्हा मोजा, आणि मोजत राहा

सगळं बसवल्यावर पंख्यांची दिशा तपासा : पंख्याच्या चौकटीची जाळीदार आधाराची बाजू ज्या दिशेला, त्या दिशेला हवा जाते. पुढच्या पंख्यासमोर अगरबत्ती धरली की धूर आत ओढला जातो की बाहेर ढकलला जातो, ते लगेच दिसेल. मग तीच २० मिनिटांची चाचणी करा आणि आधीच्या आकड्यांशेजारी नवा फरक लिहा. तो झाकण काढून केलेल्या चाचणीइतका किंवा त्याहून कमी आला, तर काम फत्ते. नाही आला तर अजून पंखे घेऊ नका. वायरींची गर्दी आणि जाळी पुन्हा पाहा.

पुढची देखभाल ऋतूप्रमाणे ठरवून टाका. कापसाच्या हंगामात जाळी दर आठवड्याला धुवा, इतर वेळी महिन्यातून एकदा. होळीच्या आधी हीट सिंक आणि ग्राफिक्स कार्ड ब्लोअरनं साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरा, नाहीतर ते मर्यादेपेक्षा वेगानं फिरून बेअरिंग खराब होतं. दर दोन-तीन वर्षांनी थर्मल पेस्ट बदला. दिवाळीच्या सफाईत मशीन एकदा पूर्ण उघडाच.

दोन-तीन पंखे, जाळी, बीडिंग, रंग आणि कारागिराची मजुरी मिळून हे सगळं नव्या बऱ्या कॅबिनेटच्या किमतीच्या आतच होतं. घरात जुनं कॅबिनेट पडलं असेल तर ते भंगारात देण्याआधी येत्या थंडीत एक सुटीची सकाळ काढा, झाकण लावून आणि काढून दोन चाचण्या करा आणि आकडे लिहून ठेवा. कापायचं की नाही, हे ते दोन आकडेच सांगतील. कापायचं ठरलंच, तर मार्च उजाडायच्या आत कापून मोकळे व्हा. त्यानंतर कूलरवाल्याला तुमच्यासाठी वेळ मिळणार नाही.